कोंबडीला काय हवं असतं?

कोंबडी हा मुळात झाडाखालचा पक्षी आहे. पत्र्याची शेड, तारेचा पिंजरा आणि खाद्याची गोणी या गोष्टी तिच्या आयुष्यात फार उशिरा आल्या. आज जगभर पाळल्या जाणाऱ्या कोंबड्यांचा मुख्य पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. हिमालयाच्या पायथ्यापासून म्यानमार-थायलंडपर्यंतच्या जंगलांत तो आजही पालापाचोळा उकरत हिंडतो. सह्याद्रीत भल्या पहाटे ज्याची बांग ऐकू येते, तो त्याच्याच कुळातला करडा रानकोंबडा. स्वीडनमधल्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने २००८ साली दाखवून दिलं, की ज्या जनुकामुळे पाळीव कोंबडीची कातडी आणि पाय पिवळे होतात, ते तिला तांबड्याकडून मिळालेलं नसून या करड्या रानकोंबड्याकडून आलेलं आहे. आपल्याकडच्या रानाची खूण जगभरच्या कोंबड्या अंगावर वागवत आहेत.

माणसाच्या सोबतीने हजारो वर्षं काढल्यावर कोंबडीचं शरीर पार बदललं. रानकोंबडी वर्षाकाठी दहा-पंधरा अंडी घालते. व्यावसायिक शेडमधली संकरित कोंबडी तीनशेच्या वर जाते. मांसासाठी वाढवलेलं ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या पुढे जातं. स्वभाव मात्र तितका बदललेला नाही. मेरियन डॉकिन्स या ब्रिटिश प्राणिवर्तन शास्त्रज्ञ. १९८९ साली त्यांनी प्राणिसंग्रहालयात मोकळ्या हिंडणाऱ्या रानकोंबड्यांचा दिनक्रम प्रसिद्ध केला. जितकी मिनिटं त्यांनी या माद्यांवर नजर ठेवली, त्यांतल्या सुमारे ६० टक्के मिनिटांत त्या जमिनीवर चोच मारताना दिसल्या आणि ३४ टक्के मिनिटांत पायांनी माती उकरताना. खायला आयतं मिळत असूनही त्यांचं हे सगळं चालू होतं. कोंबडीला नुसता दाणा पुरत नाही, दाणा शोधण्याचं कामही हवं असतं.

मोकळ्या कोंबडीपालनाचं शास्त्र इथूनच सुरू होतं. दोनशे-तीनशे कोंबड्या सांभाळणाऱ्या शेतकरी कुटुंबाला सकाळी खुराड्याचं दार उघडून दिवसभर निवांत राहता येत नाही. मोकळं सोडायचं, पण वाऱ्यावर सोडायचं नाही, ही त्या धंद्यातली खरी कसोटी आहे.

चार गरजा

पहिली गरज उकरण्याची. पायाखाली माती किंवा भुसा नसला, तरी चोच गप्प बसत नाही. ती शेजारणीच्या पिसांकडे वळते. एकमेकींची पिसं उपटणं, मग कातडी टोचून रक्त काढणं ही मोठ्या शेडमधली जुनी डोकेदुखी आहे, आणि त्यावर उपाय म्हणून पिल्लांच्या चोचीचं टोक छाटलं जातं. चोचीत मज्जातंतू असतात, त्यामुळे ती नख कापण्याइतकी साधी गोष्ट नाही. छोट्या शेतावर यावर सोपे उपाय असतात. धान्यातला काही भाग भांड्यात न टाकता गादीवर, म्हणजे शेडमध्ये अंथरलेल्या भाताच्या तुसावर किंवा लाकडाच्या भुशावर, विखुरतात. कोबीची, मेथीची जुडी दोरीने टांगून ठेवतात. जुन्या शेणखताची पाटी अंगणात ओतली, की त्यातल्या अळ्यांसाठी दुपारपर्यंत झुंबड असते.

दुसरी गरज धुळीची. ऊन चढलं की कोंबडी मोकळ्या मातीत बसते, चोचीने माती पोटाकडे ओढते, पिसं फुलवते आणि पंख झटकून धूळ पिसांच्या मुळाशी पोहोचवते. मग एका कुशीवर कलून, एक पाय लांब करून अंग मातीवर घासते, कूस बदलते, शेवटी उभी राहून सगळं अंग झाडते आणि धुळीचा लोट उठतो. हे काम वीस-तीस मिनिटं चालतं आणि साधारण दिवसाआड होतं. पिसांवरचं जुनं तेल यामुळे निघून जातं, पिसं मोकळी राहतात आणि उवांचा त्रास आटोक्यात राहतो. महाराष्ट्रात पावसाळ्याचे चार महिने अंगणात चिखल असतो. म्हणून जाणता शेतकरी छपराखाली एक कोपरा राखून त्यात कोरडी माती, वाळू आणि चुलीतली राख भरून ठेवतो.

तिसरी गरज आडोशाची. अंडं घालण्याच्या आधी कोंबडी अस्वस्थ होते, कोपरे धुंडाळते, आत डोकावून बाहेर येते. तिला अंधारी, बंदिस्त, मऊ जागा हवी असते. ही ओढ किती तीव्र आहे हे मोजण्यासाठी ब्रिटनमध्ये प्रयोग झाले. घरट्यापर्यंत पोहोचायला जड दार ढकलावं लागेल किंवा अरुंद फटीतून अंग चोरून जावं लागेल, अशी रचना केली, तरी अंड्यावर आलेल्या कोंबड्यांनी ते कष्ट घेतले. पाच कोंबड्यांमागे गवत अंथरलेलं एक खोकं असलं तर ही गरज भागते आणि अंडीही स्वच्छ मिळतात.

चौथी गरज रात्रीच्या उंच जागेची. दिवेलागणीला कोंबड्या आपोआप उंचावर चढू लागतात. जमिनीवर झोपलेली कोंबडी जंगलात टिकत नाही, हे त्यांच्या रक्तात आहे. प्रत्येकीला अर्धा फूट मिळेल इतक्या लांबीचे, पकडायला सोयीचे गोलसर वासे बसवले, की त्या एकमेकींना बिलगून रात्र काढतात.

या चार गरजांना एक सामाजिक बाजूही आहे. नॉर्वेचा थोर्लाइफ श्येल्डरुप-एब्बे लहानपणापासून घरच्या कोंबड्यांकडे टक लावून बघत असे. कळपात कोण कोणाला चोच मारते याची पक्की उतरंड असते, हे त्याने १९२१-२२ मध्ये शास्त्रीय रूपात मांडलं. तळाच्या कोंबडीला वरच्या कोंबड्या खाद्यापाशी फिरकू देत नाहीत. म्हणून खाद्याची आणि पाण्याची भांडी एकाच जागी न मांडता चार ठिकाणी मांडावी लागतात. कळप लहान असला, की कोणती तलंग (तरुण कोंबडी) मागे पडते आहे, कोणाची मान झुकली आहे, हे दाणा टाकता टाकता घरच्या माणसाच्या नजरेत भरतं. दहा हजारांच्या शेडमध्ये ती नजर पुरी पडू शकत नाही.

पिंजऱ्याची गोष्ट

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेत स्वस्त अन्नाची गरज मोठी होती आणि त्यातून पिंजऱ्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. विष्ठेपासून अंडं वेगळं राहतं, मजुरी कमी लागते, रोग आटोक्यात ठेवता येतात, असे त्याचे फायदे खरेच होते. किंमत कोंबडी मोजत होती. रुथ हॅरिसन या इंग्लंडमधल्या बाईंनी १९६४ साली 'अ‍ॅनिमल मशीन्स' या पुस्तकात या शेडच्या आतलं जग लोकांपुढे आणलं. खळबळ इतकी उडाली, की ब्रिटिश सरकारला प्राध्यापक ब्रँबेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. १९६५ च्या तिच्या अहवालात प्राण्याला उभं राहणं, आडवं होणं, वळणं, अंग साफ करणं आणि हातपाय ताणणं इतकं तरी करता आलं पाहिजे, असं म्हटलं होतं. पुढे त्यातूनच 'पाच स्वातंत्र्यं' तयार झाली: भूक-तहानेपासून, गैरसोयीपासून, वेदना-इजा-रोगापासून आणि भीतीपासून मुक्तता, आणि स्वाभाविक वागण्याची मोकळीक.

स्वित्झर्लंडने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच साधे पिंजरे मोडीत काढले. युरोपीय संघाने १९९९ मध्ये निर्देश काढला आणि १ जानेवारी २०१२ पासून जुन्या पद्धतीच्या पिंजऱ्यांवर बंदी आली. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे. तरीही अंड्यांच्या कोंबडीला आपल्याकडच्या पिंजऱ्यात साधारणपणे ए-फोर कागदाहूनही कमी जागा मिळते. विधी आयोगाने जुलै २०१७ मधल्या आपल्या २६९ व्या अहवालात कोंबड्यांच्या निवासासाठी आणि वाहतुकीसाठी वेगळे नियम करण्याची शिफारस केली आणि त्यांचा मसुदाही जोडला.

गाईंच्या मागून कोंबड्या

कुटुंबाने चालवलेल्या शेतावर हे सगळं वेगळ्या रीतीने कसं करता येतं, याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात आहे. शेनँडोआ खोऱ्यात विल्यम आणि ल्युसिल सॅलाटिन या दांपत्याने १९६१ मध्ये एक झिजलेलं, ओघळींनी फाटलेलं शेत विकत घेतलं. त्यांचा मुलगा जोएल १९८२ पासून पूर्णवेळ शेती करू लागला, आणि पुढे त्याचा मुलगा डॅनियलही त्यात उतरला. 'पॉलिफेस' नावाचं हे शेत लेखक मायकेल पोलन यांच्या २००६ सालच्या पुस्तकामुळे जगाला माहीत झालं.

तिथली युक्ती चाकांवर चालते. गाई कुरणाच्या एका तुकड्यात चरतात आणि पुढच्या तुकड्यात जातात. तीन-चार दिवसांनी त्या मोकळ्या झालेल्या तुकड्यात कोंबड्यांचं फिरतं खुराडं ओढत आणलं जातं. तेवढ्या दिवसांत शेणाच्या पोवात माश्यांच्या अळ्या टपोऱ्या झालेल्या असतात. कोंबड्या बाहेर पडतात, पो उकरून अळ्या वेचतात. त्यांना प्रथिनं मिळतात, गाईंना माश्यांचा त्रास कमी होतो, शेण पसरून गवताला खत मिळतं आणि वर कोंबडीची शिट पडते. मांसासाठीच्या कोंबड्या दहा बाय बारा फुटांच्या, बिनतळाच्या, बुटक्या पेट्यांत असतात. प्रत्येक पेटीत सुमारे सत्तर पक्षी, आणि ती पेटी रोज सकाळी एक पेटीभर अंतर पुढे सरकवली जाते. रोज ताजं गवत मिळतं आणि कालची विष्ठा मागे राहते. गिऱ्हाइकांना शेतावर येऊन सगळं बघता येतं.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. पेटीतली कोंबडी गवतावर असली, तरी मनमुराद हिंडत नाही, आणि तिथे वापरली जाणारी जात जलद वाढणारीच राहिली आहे. झटपट वजन घेणाऱ्या पक्ष्याचे पाय आणि हृदय त्या वजनाला पुरे पडत नाहीत, मग तो गवतावर असो वा भुशावर. म्हणून जागेइतकीच जातीची निवड महत्त्वाची ठरते.

आपल्याकडे या बाबतीत चांगले पर्याय आहेत. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठी वनराजा आणि ग्रामप्रिया या जाती विकसित केल्या. बंगळुरूमधून गिरिराज आली. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-सत्तर अंडी देते, ग्रामप्रिया परसात दीडशेच्या पुढे जाते. वनराजाची रंगीत पिसं मातीत मिसळून जातात आणि लांब पायांमुळे तिला पळ काढता येतो. पांढऱ्याशुभ्र कोंबडीला घार लांबूनच हेरते, हे गावातल्या कोणालाही ठाऊक आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या ८५ कोटींहून जास्त कुक्कुट पक्ष्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख परसातले होते, आणि २०१२ च्या तुलनेत ही परसातली संख्या जवळपास ४६ टक्क्यांनी वाढली होती. हे पक्षी लाखो कुटुंबांच्या दारात वाढतात. त्यांची देखभाल सुधारली तर फायदा फार मोठ्या संख्येला होईल.

दार उघडलं, तरी कोंबडी बाहेर येईना

मोकळ्या पालनात युरोपात कोंबडीमागे जागेचा हिशेब ठरलेला आहे: प्रत्येक अंड्याच्या कोंबडीला बाहेर किमान चार चौरस मीटर. आपल्या भाषेत अडीचशे कोंबड्यांना दहा गुंठे. जमीन उकरून उजाड होऊ नये म्हणून वीस गुंठ्यांचे दोन भाग करून आलटून पालटून सोडणं उत्तम.

पण नुसतं क्षेत्रफळ फसवं असतं. २००३ साली ऑक्सफर्डच्या डॉकिन्स आणि सहकाऱ्यांनी मोकळ्या पालनाच्या ब्रॉयलर फार्मांची पाहणी केली, तेव्हा दारं उघडी असूनही दिवसाच्या कोणत्याही वेळी कळपातले १५ टक्क्यांहून कमी पक्षी बाहेर आढळले. जिथे झाडांची सावली होती, तिथे जास्त पक्षी बाहेर पडत होते. कारण उघड आहे. डोक्यावर फांदी नसलेलं मैदान म्हणजे रानकोंबडीला शत्रूच्या नजरेत येण्याची जागा. संशोधक पीटर मार्लर आणि इव्हान्स यांच्या १९९३ च्या प्रयोगात आकाशातल्या शिकाऱ्यासाठी कोंबडा जी हाळी देतो ती ऐकवल्यावर माद्या दबून वर पाहू लागल्या. जमिनीवरच्या शिकाऱ्याची हाळी ऐकवली, तर ताठ उभ्या राहून आजूबाजूला पाहू लागल्या. कोंबड्याचा हा पहारा मोकळ्या कळपात खरोखर उपयोगी पडतो.

तेव्हा कोकणातल्या आंब्या-काजूच्या बागा, देशावरचा शेवगा, बांधावरची शेवरी आणि बांबूचं बेट हेच आपलं उत्तम कोंबडी-कुरण आहे. झाड नसलं, तर तुराट्यांचे किंवा उसाच्या पाचटाचे लहान मांडव ठिकठिकाणी उभारले तरी कोंबड्या एका आडोशापासून दुसऱ्यापर्यंत जात जात सगळं रान वापरतात. विदर्भ-मराठवाड्यात या सावलीवर जीव अवलंबून असतो. कोंबडीला घाम येत नाही. पारा चाळिशीपार गेला की ती चोच उघडून धापा टाकते, आणि गार पाणी व वारा मिळाला नाही तर मरते.

पहिल्या दिवसापासून

चांगली वागणूक अंड्यावर आलेल्या कोंबडीपासून सुरू करून भागत नाही. पिल्लू घरी आलं, की पहिल्या आठवड्यात त्याला सुमारे ३५ अंश ऊब लागते, आणि पुढे दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी उतरवायची असते. थर्मामीटरइतकीच खात्रीची गोष्ट म्हणजे पिल्लांची मांडणी. ती दिव्याखाली एकमेकांवर चढून बसली तर थंडी वाजते आहे. दिव्यापासून लांब, कडेला सरकून पंख पसरून बसली तर उकडतं आहे. सगळीकडे सारखी विखुरली असतील तर ऊब बरोबर आहे. खुडूक कोंबडी रवणावर, म्हणजे अंडी उबवायला, बसवली असेल, तर हे सारं काम एकवीस दिवसांनंतर तीच करते. ब्रिस्टलमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पिल्लांवर हवेचा निरुपद्रवी झोत सोडला, तेव्हा बघणाऱ्या आईच्या हृदयाचे ठोके वाढले. तिला पिल्लांचं काही वाटत नाही, असं म्हणायला आता जागा उरलेली नाही.

लसीकरण टाळणं म्हणजे निसर्गशेती नव्हे. राणीखेत, म्हणजे गावाकडची मानमोडी, एका आठवड्यात अख्खा कळप झोपवते. तिच्यावरच्या लासोटा लसीचा थेंब पहिल्या आठवड्यात डोळ्यात घालायचा, पुढे वेळापत्रकाप्रमाणे गंबोरो, देवी आणि राणीखेतची पुढची मात्रा द्यायची. गादी ओली राहिली तर रक्ती हगवण येते, म्हणून पावसाळ्यात तूस रोज हलवावं लागतं. मोकळ्या पक्ष्यांचा जंगली पक्ष्यांशी संबंध येतो, त्यामुळे खाद्य आणि पाणी छपराखालीच ठेवणं आवश्यक आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातला पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा या काळजीचं मोल सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. रात्री मात्र प्रत्येक कोंबडी मुंगूस, रानमांजर आणि कुत्र्यांपासून सुरक्षित, बारीक जाळीच्या आतच हवी.

शेवटच्या दिवसाचंही तसंच. बाजारात न्यायच्या कोंबड्या अंधार पडल्यावर, वाशावर शांत बसलेल्या असताना, दोन्ही हातांनी पंख अंगाशी धरून उचलाव्यात. पाय बांधून, उलट्या टांगून, मोटारसायकलच्या हँडलला लोंबकळत नेणं हे क्रूर आहे, आणि अनावश्यक वेदना होतील अशी ने-आण कायद्यालाही मान्य नाही.

अंड्याची किंमत

या सगळ्याला पैसे आणि वेळ लागतो. मोकळी कोंबडी हिंडण्यात शक्ती खर्च करते, अंडी कमी घालते, काही पक्षी शिकाऱ्यांच्या तोंडी जातात, आणि माणसाला पहाटेपासून रात्रीपर्यंत लक्ष द्यावं लागतं. म्हणून तिचं अंडं महाग पडतं आणि पडायलाच हवं. त्याबदल्यात गिऱ्हाइकाला काही मिळतंही: जर्मनीतल्या २०१४ च्या अभ्यासात उन्हात हिंडणाऱ्या कोंबड्यांच्या बलकात बंदिस्त कोंबड्यांपेक्षा तीन-चार पट ड जीवनसत्त्व आढळलं.

फसगतही इथेच होते. तपकिरी कवच हा केवळ जातीचा गुण आहे. ती कोंबडी पिंजऱ्यातलीही असू शकते. गर्द केशरी बलक हिरव्या पाल्यामुळे येतो, तसाच खाद्यात झेंडूचा अर्क मिसळूनही आणता येतो. युरोपात अंड्यावरच आकडा छापलेला असतो: ० सेंद्रिय, १ मोकळ्या पालनातलं, २ शेडमध्ये मोकळं, ३ पिंजऱ्यातलं. आपल्याकडे असा सक्तीचा शिक्का नाही, त्यामुळे 'गावरान' हा शब्द कोणीही पाटीवर लिहू शकतो.

म्हणून गावरान अंड्याचे जास्तीचे पैसे देणाऱ्याने ते अंडं देणाऱ्या शेतावर एकदा तरी जावं. दुपारी कोंबड्या कुठे असतात, धुळीची जागा कुठली, पाच कोंबड्यांमागे घरट्याचं खोकं आहे का, रात्री त्या कशावर बसतात, लस कधी दिली, चोच छाटलेली आहे का, हे विचारावं. चांगलं पालन करणाऱ्या कुटुंबाला या प्रश्नांचा राग येत नाही. ते स्वतःच खुराड्यापर्यंत घेऊन जातात. अशा कुटुंबाचं अंडं घासाघीस न करता घ्यावं.